पूजा झालेले सहाशे डॉलर

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत, किंबहुना मिठागर रस्त्यापासून नवघरपर्यंतच्या समग्र पट्ट्यात, अमेरिकी डॉलर माझ्याइतक्या स्वस्तात आजवर कुणीही मिळवलेला नाही! ही आत्मस्तुती नव्हे. केवळ वस्तुस्थिती आहे. छत्तीस वर्षे संस्कृत शिकवलेल्या माणसाला व्यवहार कळत नाही, असा एक गैरसमज लोकांत आहे. तो दूर करण्याची संधी मला आयुष्यात एकदाच मिळाली. ती मी कशी साधली, ते सांगतो.

प्रसंग मात्र आनंदाचा नव्हता. माझा धाकटा भाऊ मार्तंड कंबोडियातील सिएम रीप या गावी वारला. वय अठ्ठावन्न. तेथील एका हॉटेलातील वातानुकूलन यंत्रांची देखभाल तो करीत असे. त्याच यंत्रांशेजारी स्टुलावर बसल्या बसल्या गेला. त्याच्या घरमालकीण बोफाबाई यांचा फोन आला तो माझ्या पत्नीला, मृणालिनीला. मला तो येणे शक्य नव्हते, कारण माझा क्रमांक मार्तंडाकडे असूनही त्याने तो कुणाला दिला नव्हता. अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

त्याचे कारणही सांगून टाकतो. आई गेली तेव्हा तो येऊ शकला नाही. "दादा, या आठवड्यात तिकीट सत्तर हजार सांगतात रे. कुठून आणू?" असे तो म्हणाला. "आईपुढे तिकिटाचा भाव सांगतोस?" असे म्हणून मी फोन ठेवला. तो ठेवला तो ठेवलाच. मृणालिनी त्याच्याशी अधूनमधून बोलते हे मला ठाऊक होते. मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होते. असे ते चालले होते.

देह ठेवण्याची सोय तिथे नव्हती. बोफाबाईंनी पदरमोड करून गावच्या विहारात अग्निसंस्कार केला आणि अस्थी विहारातच ठेवल्या. खर्च किती झाला, असे मी विचारले.

"चारशे साठ डॉलर," त्या म्हणाल्या. "पण घाई नाही. तुम्ही या."

मी त्याच क्षणी दोन निश्चय केले. पहिला, दहाव्या दिवशी तेथल्या नदीकाठी मार्तंडाचा पिंड माझ्या हाताने पडेल. दुसरा, त्या बाईंचे ऋण फेडल्याशिवाय मी अस्थींना हात लावणार नाही. पहिल्या निश्चयाची वाट दुसऱ्याने कशी लावली, हीच ही कथा!

तिसऱ्या मजल्यावरचा मुकुल बँकेत आहे. तो समाचाराला आला होता. त्याला मी सहज विचारले.

"सिंपल आहे काका," तो म्हणाला. "शे-दोनशे डॉलर कॅश लायसन्सवाल्याकडनं घ्या, करकरीत नोटा मागून घ्या. बाकीचे फॉरेक्स कार्डावर. आणि तुमच्या एटीएम कार्डाचं परदेशातलं बटण ॲपमधून ऑन करा, नाहीतर तिकडे चालणार नाही. अर्ध्या तासाचं काम!"

"भाव काय लावतात?"

"रुपया-दीड रुपया जास्त. पण काका, अशा वेळी कुठे..."

"मुकुल, प्रश्न दीड रुपयाचा नाही. तत्त्वाचा आहे."

तत्त्व दीड रुपयाचेच होते. पण ते असे उघड बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलुंडचे दोन, घाटकोपरचा एक आणि अंधेरीचा एक असे चार परवानाधारक पालथे घातले. हस्तलिखितांतील पाठभेद टिपावेत तसे चौघांचे भाव वहीत टिपले. अंधेरीच्या मुलीशी तर मी सव्वा तास चर्चा केली.

"अंकल, रेट दर दहा मिनिटांनी बदलतो," ती अखेर म्हणाली. "तुम्ही आलात तेव्हा घेतले असतेत तर बारा पैसे वाचले असते!"

चौथ्या दिवशी सकाळी व्हिसा आला.

"तिकीट काढा," मृणालिनी म्हणाली.

"सूचीकटाहन्याय," मी म्हणालो. लोहाराकडे कढई आणि सुई अशी दोन कामे आली तर त्याने आधी सुई करावी. लहान काम आधी उरकावे, असा तो न्याय. डॉलर ही सुई, तिकीट ही कढई.

"तुमच्या सुईपायी कढई रोज चार हजारांनी तापतेय म्हणे. मुकुल सांगत होता."

मी दुर्लक्ष केले. कारण त्याच दिवशी मला परमेश्वराने मार्ग दाखवला! दुसऱ्या मजल्यावरचे नंदकिशोर. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो आणि दर दिवाळीला लक्ष्मीपूजनासाठी शंभर डॉलरची एक नोट आईवडिलांकडे पोहोचवतो. पाच दिवाळ्या, पाच नोटा. देव्हाऱ्यात पडून!

"देतो की काका," नंदकिशोर दारातूनच म्हणाले. "पेपरातला भाव. वर एक पैसा नको. फक्त..."

"फक्त काय?"

"तुम्हाला सुतक. पैसे हातात कसे घेऊ? हिला चालायचं नाही."

"मग?"

"जीपे करा ना. त्याला सुतक नाही."

याला शास्त्राधार सापडेना; विरोधही सापडेना. मी जीपे केले. त्यांनी नोटा उंबऱ्यावर ठेवल्या, दोन पावले मागे सरले, आणि मी त्या उचलल्या. उरलेले शंभर पहिल्या मजल्यावरच्या गंधालीने दिले. तिच्या नणंदेने विसाच्या पाच नोटा तिच्या ओटीत घातल्या होत्या.

मुकुल मात्र कुरकुरला. "काका, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून डॉलर घेणं नियमात बसत नाही. आणि या नोटा बघितल्यात का?"

मी पाहिल्या होत्या, आणि पाहून संतोष पावलो होतो. प्रत्येक नोटेवर यथासांग हळदकुंकू वाहिलेले होते. नंदकिशोरांच्या पत्नीने नेमके चित्रातल्या गृहस्थांच्या कपाळावरच बोट टेकवले असल्यामुळे पाचही गृहस्थ सौभाग्यवती दिसत होते. आता असे पाहा, मला सुतक. दहा दिवस देवपूजा वर्ज्य. प्रवासाला निघताना द्रव्याला हळदकुंकू लावण्याची आमच्या आईची रीत. ती मला पाळता येईना. आणि इथे आयत्या पूजा झालेल्या नोटा, त्याही स्वस्तात!

"ओल्या फडक्याने टिपून तरी घेऊ का?" मृणालिनीने विचारले.

"लक्ष्मीचे कुंकू पुसायचे? आणि तेही सुतकात?"



"तिकडे डाग पडलेल्या नोटा घेत नाहीत म्हणतात," मुकुल म्हणाला.

"ज्या देशाने हजार वर्षांपूर्वी आपले शिलालेख संस्कृतात कोरले, तो देश हळदकुंकवाला डाग म्हणणार नाही!"

एकूण बचत अकराशे चाळीस रुपये झाली. तिकीट त्या चार दिवसांत चौदा हजारांनी वाढले होते. परंतु तो विषय वेगळा. फोनचे रोमिंगही घेतले नाही. एटीएमचे बटण दाबले नाही. खिशात सहाशे डॉलर असताना यंत्रापुढे हात का पसरावा?

आठव्या दिवशी सायंकाळी मी सिएम रीपच्या विमानतळावर उतरलो. बोफाबाई न्यायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, घराखालीच शिवणाचे दुकान चालवणाऱ्या. बोफा हे आपल्या पुष्प शब्दाचेच रूप, हे कळून मला फार बरे वाटले. त्या इंग्रजी बोलत, पण मला मात्र 'दादा' म्हणत. मार्तंडाच्या तोंडी सतत तेच ऐकल्यामुळे ते माझे नावच आहे अशी त्यांची समजूत होती.

"दादा, आधी खोलीवर चला," त्यांनी पर्समधून एक लहानशी किल्ली काढली. "त्याची पेटी आहे. ती तुम्हीच उघडायची, असं त्याने सांगून ठेवलंय."

"आधी तुमचे पैसे," मी म्हणालो आणि तिथेच, सामानाच्या गाडीवर, नोटा काढल्या.

त्यांनी वरची नोट घेतली. उजेडात धरली. उलटून पाहिली. मग दोन्ही हातांनी, मान लववून, मला परत दिली.

"दादा, ही नाही चालणार."

"अहो, पूजेची आहे!"

"म्हणूनच परत देते. तुम्ही ठेवा. पैशांची घाई नाही. आधी खोलीवर..."

"ऋण फिटेपर्यंत मी तुमच्या छताखाली येणार नाही. उद्या नोटा बदलून आणतो."

त्यांनी किल्ली परत पर्समध्ये टाकली. मी मुकुलने आगाऊ ठरवून दिलेल्या लॉजवर गेलो. आपला बाणेदारपणा त्या बाईंच्या मनावर चांगलाच ठसला असेल, या समाधानात मला झोप लागली.

नवव्या दिवशी सकाळी बाजारपेठेत गेलो. पहिल्या दुकानदाराने नोट पाहून नुसते बोट हलवले. दुसऱ्याने भिंतीवरचा फलक दाखवला. त्यावर फाटक्या, दुमडलेल्या आणि डागाळलेल्या नोटांची चित्रे काढून त्यांवर फुल्या मारल्या होत्या. माझ्या नोटेचे तेवढे चित्र तिथे नव्हते, कारण असे काही कुणी करील ही कल्पना त्या चित्रकाराला शिवलीच नसावी. तिसरी एक तरुण मुलगी होती. तिला मी सगळे नीट समजावून सांगितले. आमच्याकडे धनाची पूजा होते, हळद वाहतात, कुंकू वाहतात, ते मंगल असते.

तिने शांतपणे ऐकून घेतले. "तुम्ही याची पूजा करता?"

"होय."

"मग खर्च कशाला करता?"

छत्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता.

चौथ्याकडे न जाता मी लॉजवर परतलो. आता हट्ट पुरे, असे मनाशी म्हटले. देवीने क्षमा करावी; डाग धुऊन टाकावेत. न्हाणीघरात साबणाची एक चिमुकली वडी होती. मी बेसिनमध्ये पाणी घेतले, शंभराची पहिली नोट अलगद बुडवली, साबण लावला, आणि हळुवार चोळली.

वाचकहो, हळदीचे डाग लाल झाले!

नुसते लाल नव्हे. गडद, ओघळलेले, ताज्या जखमेसारखे. मी घाबरून आणखी साबण लावला. ते आणखी लाल झाले. पहिल्या नोटेत काही दोष असेल म्हणून दुसरी बुडवली. मग तिसरी. मग, मनुष्य बुडत असताना विचार करीत नाही, म्हणून सगळ्याच! अर्ध्या तासाने टॉवेलच्या दांडीवर दहा नोटा वाळत होत्या, आणि ती न्हाणी एखाद्या खुनाचा पंचनामा चालू असल्यासारखी दिसत होती.

लॉजच्या वायफायवरून मृणालिनीला फोन लावला.

"काय केलंत म्हणालात? साबण?" ती ओरडली. "अहो, हळदीला साबण लागला की लाल होते, हे पहिलीतल्या पोरीला कळतं! दर चैत्रातल्या हळदीकुंकवानंतर मी रडत असते ना साड्यांसाठी! आणि कुंकू कशाचं करत आले आपल्याकडे? हळदीचंच ना!"

"मला ठाऊक आहे. संस्कृतात त्याची कृतीही..."

"मग संस्कृतात धुवायच्या होत्या!"

दुपारी चौथ्या दुकानात एका वृद्ध गृहस्थाने नोट चिमट्यात धरली, तिचा वास घेतला आणि हलक्या आवाजात विचारले, "रक्त?"

"हळद," मी म्हणालो. तिथल्या ख्मेर भाषेत हळदीला काय म्हणतात ते मला येत नव्हते. म्हणून मी कपाळाला, हातांना, मग पोटाला हात लावून दाखवला. त्याचा अर्थ त्याने काय घेतला असेल तो असो. त्याने बाहेरच्या पहारेकऱ्याला हाक मारली. पहारेकरी माझे दोन्ही तळहात उलटसुलट पाहू लागला. तेही लालपिवळे होते!

"कुणाचं?" पहारेकऱ्याने विचारले.

"भावासाठी आणले," मी म्हणालो. इंग्रजीत ते कसे ऐकू गेले असेल, याचा मला अजून विचार करवत नाही. पासपोर्ट, वय आणि पांढरे केस पाहून अखेर त्यांनी मला सोडले. मागोमाग माझ्या नोटाही, एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोन बोटांनी बाहेर दिल्या.

आता एटीएम. यंत्राने कार्ड घेतले, क्षणभर विचार केला, आणि थुंकल्यासारखे बाहेर टाकले. पुन्हा लॉज, पुन्हा वायफाय, आता मुकुल.

"काका, ते बटण ऑन केलं नव्हतंत ना?"

"आता करतो."

"त्याला ओटीपी लागेल. तो एसेमेसवर येतो. रोमिंग घेतलंत?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वाट लागली," मुकुल स्वतःशीच म्हणाला. "आता मी पैसे पाठवतो म्हटलं तरी दोन दिवस जातील. काका, दहावा उद्याच ना?"

उद्याच होता. नदी पलीकडच्या रस्त्यावर होती. विहार तिच्याच काठी, चालत दहा मिनिटांवर. मार्तंड तिथे होता. अस्थी कुणी अडवल्या नव्हत्या. मी एकटाच त्यांच्या आड उभा होतो, सहाशे लाल डॉलर घेऊन.

दहाव्या दिवशी सकाळी बोफाबाई लॉजवर आल्या. हातात डबा होता. त्यात त्यांनी भात शिजवून आणला होता. पिंडाला भात लागतो हे मार्तंडाने कधीतरी आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी त्यांना सांगितले होते म्हणे. त्याने दरवर्षी ते त्या नदीवर एकट्याने केले होते. मला हे ठाऊक नव्हते.

त्या खुर्चीवर बसल्या. टेबलावरच्या पिशवीतल्या लाल नोटांकडे त्यांनी एकदा पाहिले.

"दादा, मी पैसे मागितले का?"

"नाही."

"विहाराने मागितले?"

"नाही."

"मग कोण मागतंय?"

 त्यांनी किल्ली पुढे केली. मी घेतली.

मार्तंडाची खोली शिवणाच्या दुकानावर होती. पलंग, पंखा, आईचा फोटो. पेटी पलंगाखाली. वर एक जाड फाईल होती. आसपासच्या देवळांतील संस्कृत शिलालेखांची छायाचित्रे. प्रत्येकाखाली त्याच्या वळणदार अक्षरात देवळाचे नाव, किती पायऱ्या चढाव्या लागतात, आणि सावली किती वाजता असते, ते लिहिलेले. माझे गुडघे त्याच्या लक्षात होते. फाईलखाली दोन जाड पुठ्ठे रबराने बांधलेले. त्यांवर 'दादा'.

पुठ्ठ्यांच्या मध्ये पन्नासाच्या बारा नोटा होत्या. कोऱ्या. एकही घडी नाही, एकही ठिपका नाही. आणि एक चिठ्ठी, तीन वर्षांपूर्वीची. मी निवृत्तीनंतर कदाचित येईन, असे मृणालिनीने त्याला कळवले तेव्हाची.

"दादा, येशील तेव्हा मी विमानतळावर असेनच. तू डॉलर घेऊन येशील, आणि सगळं मुलुंड पालथं घालून जिथे स्वस्त मिळाले तिथले आणशील, हे मला माहीत आहे. इथे डागाळलेली नोट कुणी घेत नाही. कुणाशी वाद घालू नकोस, या वापर. आणि आई पहिल्या पगाराच्या नोटेला हळदकुंकू लावायची, तसं काही करून आणू नकोस हं. माझ्या पहिल्या महिन्यात माझे असेच शंभर डॉलर वाया गेले. मार्तंड."

मी हळदकुंकू लावले नव्हते. मी आयते लावलेले विकत घेतले होते. पण हे सांगायचे कुणाला?

चारशे साठ डॉलर मी बोफाबाईंच्या हातात ठेवले. सुटे चाळीस त्यांनी कोपऱ्यावरून आणून परत दिले, कारण मी नऊ नोटा आणि वर एक दिली होती. मग ते चारशे साठ घेऊन त्या सरळ विहारात गेल्या आणि माझ्यादेखत दानपात्रात टाकून आल्या. तेव्हा मी अस्थींना हात लावला. दुपारी बाराच्या आत नदीच्या पायऱ्यांवर मार्तंडाचा पिंड पडला. मंत्र मी म्हटले. ते मला पाठ आहेत. तरी दोनदा चुकलो. थोरल्या भावाने धाकट्याचे क्रियाकर्म त्याच्याच पैशांतून केले, अशी ही हकिगत आहे.

मुलुंडला परतल्यावर नंदकिशोरांनी जिन्यात गाठले. "झालं ना काका सगळं नीट? उपयोगी पडले ना आमचे डॉलर?"

"पडले," मी म्हणालो.

ते लाल सहाशे डॉलर माझ्या कपाटात एका कोशाच्या पानांत दाबून ठेवले आहेत. मुकुल म्हणतो, विसरा आता ते. मार्तंडाचे एकशे चाळीस उरले, ते त्याच पुठ्ठ्यांत आहेत. त्यांना कुणी हात लावायचा नाही, अशी मी घरात ताकीद दिली आहे.

परवा मुकुल चहाला आला होता. फोनमध्ये बघत म्हणाला, "काका, ते कोरे डॉलर आहेत ना तुमच्याकडे? आज रेट काय चढलाय माहितेय? बँकेत देऊन टाका, मस्त फायदा होईल. ऐंशी..."

"मुकुल," मी म्हणालो, "भाव सांगू नकोस."

तरी त्याने सांगितलाच. आणि खोटे कशाला बोलू, एकशे चाळीसने मी तो मनातल्या मनात गुणलाच.